पॉइंट सात आणि दौंडचं ऊन

माझं इलेक्ट्रॉनिक्सचं सगळं शिक्षण एका आकड्यात मावतं. पॉइंट सात. ट्रान्झिस्टर नावाच्या तीन पायांच्या किड्याला जागं करायचं तर त्याच्या बेस आणि इमिटर या दोन पायांमध्ये पॉइंट सात व्होल्ट द्यावे लागतात, एवढं मला आयटीआयच्या दोन वर्षांत कळलं आणि पुढची तीस वर्षं मी त्यावर भागवलं.

भागवलं म्हणजे कसं, तर व्हायव्हापासूनच सुरुवात झाली. बाहेरगावाहून आलेले परीक्षक मधल्या खुर्चीत, शेजारी आमचे सर. परीक्षकांनी विचारलं, "सिलिकॉन डायोडवर किती व्होल्ट पडतात?" मी म्हटलं, "पॉइंट सात." ते खूश. "ट्रान्झिस्टरच्या बेस-इमिटरमध्ये?" "पॉइंट सात." ते आणखी खूश. मग कागद पुढे ओढून त्यांनी विचारलं, "रोल नंबर?" आणि मी त्याच तालात बोलून गेलो, "पॉइंट सात."

सरांनी तोंडाला रुमाल लावला. परीक्षक चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले. शेवटी सर म्हणाले, "घाबरलाय. एरवी बरा आहे." त्या एका वाक्यावर मी पास झालो. त्यानंतर अँप्लिफायरच्या बायसिंगवर प्रश्न येणार होता, असं सरांनी मला नंतर सांगितलं. आला असता तर आज मी शिरूरच्या बाजारात काकड्या विकत असतो आणि बहुतेक सुखी असतो.

पुढे रांजणगावला एका कारखान्यात मेंटेनन्सला लागलो. लोकांना वाटतं तिथं इलेक्ट्रॉनिक्स लागत असेल. तिथं लागतो स्क्रू ड्रायव्हर. मशीन बंद पडलं की आतलं कार्ड काढायचं, दुसरं बसवायचं, जुनं कंपनीला परत पाठवायचं. कार्डाच्या आत काय चालतं हे बघायला ना वेळ ना परवानगी. सुरुवातीची काही वर्षं मी रात्री जुन्या वह्या चाळायचो. मग वह्या माळ्यावर गेल्या आणि माळ्यावर उंदरांनी त्या खाल्ल्या. ट्रान्झिस्टरचं प्रकरण त्यांनी संपूर्ण संपवलं. मी कधीच इतकं पचवू शकलो नव्हतो.

पण कारखान्यानं मला एक गोष्ट पक्की शिकवली, ती म्हणजे टापटीप. जपानी पद्धतीची शिस्त असते, तिला फाइव्ह एस म्हणतात. नको ते काढा, हवं ते जागेवर ठेवा, पुसून चकचकीत करा, आणि हे रोज करा. लोंबती वायर दिसली की माझा हात आपोआप केबल टायकडे जातो. घरी बायकोनं मला स्वयंपाकघरात यायची बंदी केली आहे, कारण मी मसाल्याच्या डब्यांना नंबर दिले होते आणि महिनाभर ती जिरं शोधत होती.

तर अशा या माणसाला गेल्या चैत्रात दौंडहून फोन आला.

फोन काकूंचा होता. काकू म्हणजे आमच्या सरांच्या मिसेस. सर निवृत्त होऊन दौंडला राहतात, रेल्वे लाइनच्या पलीकडे. अंगणात पत्र्याची शेड आहे. तिथं दर रविवारी ते फुकट वर्ग घेतात. कुणी मोटारी रिवाइंड करणारा, कुणी स्टार्टर दुरुस्त करणारा, कुणी मोबाइलवाला. ज्याला हातानं काम येतं पण आत काय चाललंय ते कळत नाही, अशांसाठी तो वर्ग. मला तिथं जायला खरं तर सगळ्यात आधी हवं होतं, पण मी स्वतःला शिकलेला समजत होतो.

सरांच्या गळ्याचं ऑपरेशन झालंय हे मला माहीत होतं. आवाज गेलाय हे मात्र काकूंकडून कळलं.

"गेला म्हणजे, कुजबुज उरलीय," काकू म्हणाल्या. "डॉक्टर म्हणालेत, जोर लावायचा नाही. पहिल्या बाकावरच्यालासुद्धा ऐकू जात नाही. वीस-बावीस जण यायचे, आता पाच-सहा येतात. तेही मान हलवतात नुसती, सरांना वाईट वाटू नये म्हणून. सरांना तेच सहन होत नाही. काल म्हणाले, एवढा एक रविवार बघतो, नाहीतर बंद करतो."

"स्पीकर लावा की काकू."

"आहे ना. त्यांनीच कधीकाळी केलेला डबा आहे. पण तो नुसता गुंऽऽ करतो. आता त्यांचा हात सोल्डरला स्थिर राहत नाही. बाहेर कुणाला द्यायला तयार नाहीत. म्हणून म्हटलं तुला विचारावं."

माझ्या छातीचा घेर त्या क्षणी दोन इंचांनी वाढला असावा. सर बाहेर कुणाला देत नाहीत आणि मला देतात! मी त्याच संध्याकाळी मोटरसायकल काढली, न्हावऱ्यावरून भीमा ओलांडून दौंड गाठलं. सर दारात उभे होते. वाळले होते, पण डोळे तेच. मला बघून त्यांनी ओठ हलवले. मी पुढे झुकलो तेव्हा कळलं, ते म्हणत होते, "येतं का तुला?"

"सर, रोज तेच करतो," मी म्हणालो.

रोज मी काय करतो ते वर सांगितलंच आहे.

डबा घेऊन मी परत आलो. साहेबांची परवानगी काढून जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या पॅनल रूममध्ये तो उघडला. ही खोली म्हणजे आमच्याकडची सगळ्यात गार जागा. मशीनच्या कंट्रोल पॅनलसाठी तिथं चोवीस तास एसी असतो. माणसांसाठी नाही.

गुंऽऽ कशाचा ते लगेच सापडलं. पॉवर सप्लायचे दोन मोठे कपॅसिटर सुकले होते. बदलले, आवाज बंद. व्हॉल्यूमचं बटण खरखरत होतं, ते बदललं. इथं थांबलो असतो तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती.

पण मी आत बघितलं आणि मला राहवेना. अल्युमिनियमच्या एका जाड पट्टीवर दोन पॉवर ट्रान्झिस्टर बसवलेले होते. पट्टी त्यांची उष्णता बाहेर टाकण्यासाठी असते, तिला हीटसिंक म्हणतात, हे मलासुद्धा माहीत होतं. पण त्या पट्टीच्या मधोमध, पिवळ्या एपॉक्सीच्या गोळ्यात, दोन बारकेसे डायोड चिकटवले होते. त्यांच्या वायरी हवेत लोंबत सर्किट बोर्डापर्यंत आल्या होत्या. बोर्डावर मात्र भरपूर मोकळी जागा! मी मनात म्हटलं, कुण्या गावठी मेकॅनिकनं मधे हात मारलाय. सरांच्या कामात असलं गबाळं कसं असेल?

मी एपॉक्सी खरवडून काढली. डायोड सुटे केले आणि बोर्डावर समांतर, एका रेषेत, बघत राहावेत असे बसवले. लोंबत्या वायरी गेल्या. मग झाकणाच्या आत पेन्सिलीनं काहीतरी खरडलं होतं. त्यातला 'बारा मिलिव्होल्ट' एवढाच भाग मी वाचला आणि बाकीचं कळकट दिसतं म्हणून थिनरनं पुसून टाकलं. चकचकीत.

त्या बारा मिलिव्होल्टचा अर्थ मला अंधुक आठवत होता. अँप्लिफायर शांत असतानाही ट्रान्झिस्टरमधून किंचित करंट वाहता ठेवायचा असतो. त्यालाच बायस म्हणतात. मीटरवर बारा येईपर्यंत एक बारीक स्क्रू, म्हणजे प्रीसेट, फिरवायचा. मी फिरवला. बारा आले. मग वाटलं, सरांचं काम आहे, हात आखडता कशाला? पाहुण्याला वाढताना आपण एक पोळी जास्तच वाढतो. मी वीस केले.

बायकोला घरी डबा दाखवला. ती म्हणाली, "छान दिसतोय. चालेल का?"

"वाजवून बघितलाय."

"कुठं?"

"कंपनीत. एसीत."

"आणि वाजायचाय कुठं?"

बायकांना काही कळत नाही, असं मी त्या वेळी मनात म्हणालो. नंतर महिनाभर मी ते वाक्य मनातल्या मनात परत घेत होतो.

रविवारी सकाळी निघालो. सरांचा वर्ग सव्वाअकराला सुरू होतो, कारण त्याआधी सर आणि काकू चर्चला जातात. उपासना आटोपून, चार जणांशी बोलून घरी यायला अकरा होतात. म्हणजे वर्गाची वेळ बरोबर पत्रा तापण्याची. चैत्रातल्या दौंडमध्ये त्या पत्र्याखाली बसलं की डोक्यावर कुणी तवा धरल्यासारखं वाटतं.

त्या दिवशी नऊ जण आले होते. काकूंनी सगळ्यांना फोन केले होते. पुढच्या बाकावर राहूचे एक आप्पा, साठीचे, पांढरी टोपी, आयुष्यभर विहिरीवरच्या मोटारींचे स्टार्टर दुरुस्त केलेले. त्यांच्या मागे मांडवगणच्या एक ताई, मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या, हातात वही. बाकीचे मागे.

आप्पांनी डब्याकडे बघितलं. "सायेब, डबा लई चमाकतोय. आत काय हाय का नुसताच घासून आनलाय?"

"आतसुद्धा तसाच आहे, आप्पा."

सर जवळ आले. झाकणावरून हात फिरवला आणि माझ्या कानाशी येऊन विचारलं, "डायोड?"

"एकदम नीट बसवलेत, सर," मी म्हणालो. खोटं नव्हतं. ते खरंच फार नीट बसवले होते.

सरांनी माईक तोंडाशी धरला. "मागचे, ऐकू येतंय का?" स्पीकरमधून सरांचा आवाज आला. कुजबुजच होती, पण शेडच्या टोकापर्यंत पोचणारी. मागून कुणीतरी म्हणालं, "येतंय, सर!" आणि सरांनी खडू उचलला. मग फळ्याकडे वळले. मी भिंतीला टेकून उभा होतो. त्या वेळी माझ्या चेहऱ्यावर जे भाव असतील ते कुणी बघितले नाहीत, हे एक बरं.

वीस मिनिटं उत्तम गेली. पंचविसाव्या मिनिटाला सरांचा आवाज थोडा फाटल्यासारखा झाला. मला वाटलं, सर दमले. मग वास आला. मला वाटलं, शेजारी कुणी कचरा पेटवलाय. माणूस आपल्या चुकीवर संशय घ्यायच्या आधी सगळ्या गल्लीवर घेतो.

"आवो सायेब," आप्पा म्हणाले, "धूर निघतोय की तुमच्या डब्यातनं!"

फट्ट. फ्यूज उडाला. सरांचे ओठ हलत होते आणि शेडमध्ये फक्त पंख्याचा आवाज.

मी प्लग काढला. हीटसिंकला बोट लावलं आणि ते बोट तोंडात घातलं. सर सावकाश आले, खाली बसले, झाकण उघडलं. आत बघितलं. एका रेषेत बसलेले ते दोन डायोड त्यांनी बघितले. मग झाकणाची आतली बाजू बघितली, जिथं आता आरशासारखा चेहरा दिसत होता. मग माझ्याकडे बघितलं. ओरडायला आवाज नसलेला माणूस किती वेळ नुसतं बघू शकतो, ते मला त्या दिवशी कळलं.

"सर, ते चिकटवलेलं कुणीतरी..." मी सुरू केलं.

त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. कुणीतरी म्हणजे ते.

मागे चपला शोधल्याचे आवाज यायला लागले. दोघे उठलेसुद्धा. मांडवगणच्या ताई वही मिटत म्हणाल्या, "सर, तुम्ही आराम करा. पुन्हा येऊ आमी." कुठल्याही बंद पडणाऱ्या गोष्टीला लोक असंच म्हणतात. सरांनी ते ऐकलं. काकू पाण्याचा तांब्या घेऊन दारात थांबल्या होत्या, त्यांनीही ऐकलं.

सरांनी हात वर केला. बसा. मग मला शर्टाला धरून आपल्या शेजारच्या स्टुलावर बसवलं आणि कानात म्हणाले, "मी सांगतो ते जसंच्या तसं मोठ्यानं म्हण."

"मी, सर?"

"अँप्लिफायर तू जाळलास."

तर असा मी त्या रविवारी अँप्लिफायर झालो. सर कानात कुजबुजायचे, मी शेडभर ओरडायचो.

"आज आपला धडा वेगळा होता," मी ओरडलो. "पण वर्गात ताजं मढं आलंय. तेव्हा आधी ते फाडून बघू."

लोक हसले. उठलेले दोघे खाली बसले.

"लाकूड कापायची मोठी करवत बघितलीय? दोन्ही टोकांना दोन गडी. एक ओढतो, मग दुसरा ओढतो. या डब्यातले हे दोन ट्रान्झिस्टर म्हणजे ते दोन गडी. आवाजाची लाट वर जाताना एक ओढतो, खाली येताना दुसरा. आता एकाचं ओढून झालं आणि त्यानं मूठ पार सोडूनच दिली, तर काय होईल?"

"करवत हिसका खाणार," आप्पा म्हणाले. "पातं अडाकणार."

"तसाच आवाज मधे फाटतो. म्हणून दोघांनी आपली पाळी नसतानाही मूठ हलकी धरून ठेवायची. ही हलकी मूठ म्हणजे बायस. फार घट्ट धरली तर?"

"दोघं बी उगाच घामाघूम. लाकूड तितंच."

"बरोबर," मी म्हणालो. सर 'बरोबर' म्हणाले नव्हते, ते माझ्याकडून गेलं. सरांनी पेन्सिल माझ्या गुडघ्यावर मारली.

"सर," आप्पा माझ्याकडे बोट करून म्हणाले, "ह्यो स्पीकर लबाडी करतोय. तुमचं त्वांड येवढुसं हाललं आन् ह्याचं बोलनं येवढं लांब!"

पुढचं वाक्य सरांनी कानात सांगितलं आणि मी गप्प झालो.

"काय झालं?" ताईंनी विचारलं. "फ्यूज गेला का ह्यांचा बी?"

सर म्हणाले होते: ट्रान्झिस्टर तापला की त्याला पॉइंट सात लागत नाहीत.

तीस वर्षं जपलेली एकुलती एक ठेव, आणि ती मीच भर वर्गात ओरडून बुडवायची! "सर, पॉइंट सात तर कायमचा असतो ना?" मी हळूच विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि डब्याच्या झाकणावर पेन्सिलीनं लिहिलं: दर अंशाला साधारण दोन मिलिव्होल्ट कमी. मी वाक्य मोठ्यानं म्हणून टाकू शकलो असतो. पण गंमत अशी की न कळलेलं वाक्य माझ्या तोंडातून मोठ्यानं निघेना. परीक्षेत ते कागदावर लिहिता येतं. आप्पांच्या तोंडावर ओरडता येत नाही, कारण आप्पा लगेच विचारणार, म्हंजी काय?

मी डब्यात बघितलं. सर थांबले. पंखा कुरकुरत होता.

"हे बघा," मी शेवटी म्हणालो, आणि या वेळी कानात कुणी काही सांगत नव्हतं. "एखादं दार बिजागरीत घट्ट असतं. खांदा लावला तर कुठं थोडं उघडतं. त्याच बिजागरीत तेल सोडलं की ते दार बोटानं उघडतं. ट्रान्झिस्टरला तापणं म्हणजे तेल सोडल्यासारखं. आता त्याला जोर कमी लागतो, पण आपण लावलेला खांदा तसाच आहे. मग दार?"

"सताड उघडं," ताई म्हणाल्या.

"म्हणजे करंट जास्त. करंट जास्त म्हणजे आणखी ताप. आणखी ताप म्हणजे दार आणखी उघडं..."

"...आन् शेवटी फट्ट," आप्पांनी पुरं केलं.

मी सरांकडे बघितलं. पेन्सिल गुडघ्यावर पडली नव्हती. त्यांनी परत कान मागितला.

"म्हणून करवतीशी तिसरा माणूस उभा करायचा," मी ओरडलो. "गडी तापले की त्यानं सांगायचं, मुठी सैल करा. हे दोन छोटे डायोड म्हणजे तो तिसरा. तेही तापले की त्यांच्यावरचे व्होल्ट उतरतात, म्हणजे लावलेला खांदा आपोआप ढिला होतो. पण गडी किती तापलेत हे त्याला कळायचं तर तो त्यांच्याच उन्हात उभा पाहिजे. म्हणून तीस-पस्तीस वर्षांपूर्वी मी ते हीटसिंकवर चिकटवले. आणि या..."

इथं मी अडखळलो. सरांनी पेन्सिल उचलली.

"आणि या शहाण्यानं," मी आवाज थोडा उतरवून म्हणालो, "त्याला तिथून उचललं आणि सावलीत नेऊन बसवलं, कारण तिथं तो नीटनेटका दिसत होता."

"मोठ्यानं!" मागून आवाज आला.

मला पुन्हा म्हणावं लागलं. मोठ्यानं.

आप्पांना हसू आवरेना. टोपी काढून त्यांनी डोळे पुसले. "म्हंजी आमच्या पोराच्या कंपनीतल्या मॅनेजरावानी! एसीत बसून फोनवर इचारतो, शेडमदी गरम होतंय का?"

सर अजून संपले नव्हते. "या सगळ्यात मूळ चूक माझी," मला ओरडावं लागलं. "व्हायव्हाला बायसिंगचा प्रश्न येणार होता. तो यायच्या आत मी याला पास करून घेतलं."

शेडमध्ये जो हशा झाला त्यात दारातल्या काकूही होत्या. सर स्वतः हसत होते, बिनआवाजाचे, खांदे हलवत. इतका अपमान इतक्या खणखणीत आवाजात स्वतःच जाहीर करणारा माणूस शिरूर आणि दौंड दोन्ही तालुक्यांत दुसरा झाला नसेल.

मग मांडवगणच्या ताईंनी हात वर केला. "पन मग तो प्रीसेटच कमी करून ठिवला तर? म्हंजी तापायचंच न्हाई."

सरांचं तोंड माझ्या कानाशी येण्याआधी माझ्याच तोंडून गेलं, "मग सकाळच्या गारव्यात मुठी सुटतील, ताई. आवाज फाटेल. एका हवेला जमवलेलं दुसऱ्या हवेत बिघडतं. म्हणून तर तिसरा लागतो."

म्हणून झाल्यावर मी सरांकडे बघितलं. पाण्याचा ग्लास त्यांनी आधी माझ्याकडे सरकवला. घसा माझा सुकला होता.

त्या आठवड्यात मी एक दिवसाची रजा टाकली. सुट्टी कशाला म्हणून साहेबांनी विचारलं, तर म्हटलं, ट्रेनिंग. जळालेले ट्रान्झिस्टर नवे आणले. काम या वेळी पॅनल रूममध्ये नाही, त्याच पत्र्याखाली, दुपारी दोन वाजता. सर शेजारी खुर्ची टाकून बसले. डायोड मी परत हीटसिंकवर ठेवले, एपॉक्सी लावली. माझा हात सवयीनं लोंबत्या वायरी बांधायला गेला तेव्हा सरांनी माझ्या मनगटावर फटका दिला. स्क्रू फिरवून बारा मिलिव्होल्ट लावले. वीस नाही. मग सरांनी डब्यावर घोंगडी टाकायला लावली आणि आम्ही तासभर बसून राहिलो. मीटर बारावरून तेरावर गेला, परत बारावर आला, आणि तिथंच रेंगाळला. मी दर पाच मिनिटांनी बघत होतो. आयुष्यात इतकी वर्षं मीटर हातात धरला, पण आकडा का हलला आणि का परत आला हे कळून बघण्याची ती पहिली वेळ. वही आणली नव्हती. काकूंकडून कॅलेंडरचं पान मागून घेतलं आणि पाठीमागे सगळं माझ्या शब्दांत लिहिलं. दारबिजागरीसकट. घरी गेल्यावर ते पान माळ्यावर ठेवलं नाही.

पुढच्या रविवारी शेडमध्ये सोळा जण होते. केंदूरहून एक जण नवा आला होता. त्याला म्हणे आप्पांनी सांगितलं होतं की तिथं एक साहेब स्वतःची फजिती मोठ्यानं वाचून दाखवतात. साहेब या वेळी मागच्या बाकावर बसले होते, पेन उघडून. सर माईकवर बोलत होते. अर्धा तास झाला, तास झाला. मी दोनदा उठून डब्याला हात लावून आलो. हात ठेवता येत होता. तिसऱ्यांदा उठलो तर सरांनी माईकवरूनच सांगितलं, "बस. ते आता त्या तिसऱ्याचं काम आहे." आणि पुन्हा फळ्याकडे वळले.

साडेबाराच्या सुमाराला अंगणापलीकडून, स्वयंपाकघराच्या खिडकीतून, काकूंची हाक आली, "अहो, चहा टाकू का सगळ्यांना?"

ऑपरेशन झाल्यापासून काकू हाक मारायच्या आणि मग उत्तर घ्यायला स्वतःच अंगण ओलांडून यायच्या, कारण सरांचं 'हो' तिथपर्यंत पोचायचं नाही. त्या दिवशीही त्या पदराला हात पुसत निघाल्याच होत्या. पायरीवर आल्या असतील नसतील, तेवढ्यात सरांनी माईक तोंडाशी नेला.

"टाक. पाच मिनिटं," स्पीकर म्हणाला.

काकू पायरीवरच थांबल्या. आम्ही सोळाही जण मागे वळून बघत होतो. त्यांनी कमरेवर हात ठेवला आणि शेडच्या दिशेनं म्हणाल्या, "ओरडता कशाला? ऐकू येतंय मला."